ब्लाउज सैल, परकर घट्ट: ओव्हरीचा कॅन्सर वेळेत ओळखायचा तर

कराडला गेली बावीस वर्षं मी ब्लाउज, परकर, ड्रेस शिवते. माझ्या मापांच्या वहीत नणंदेचं एक पान आहे. दिवाळीला लिहिलेलं माप: छाती ३८, दंड १२, पोट ३६. पुढच्या गुढीपाडव्याचं: छाती ३६, दंड ११, पोट ३९. "वन्सं, पोट सुटलं हो तुमचं," एवढंच म्हणून मी टेप गुंडाळली. बाई जाड होते तेव्हा दंड, पाठ, पोट सगळीकडेच थोडं थोडं चढतं, हे मला रोजच्या कामातून माहीत होतं. दंड उतरले होते आणि पोट तेवढं वाढलं होतं. आकडे मीच लिहिले, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. वन्संच्या पोटात पाणी साठत होतं. ओव्हरीचा म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज.

त्या वेळी आम्हाला जे माहीत नव्हतं ते इथे लिहिते.

वन्सं तेव्हा ५६ वर्षांच्या, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. अर्धी भाकरी खाल्ली की पोट गच्च व्हायचं. संध्याकाळी पोट फुगायचं, ओटीपोटात जड वाटायचं, रात्री तीनदा लघवीला उठावं लागायचं. आधी ओव्याचं पाणी झालं, मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, मग लघवीच्या इन्फेक्शनचा कोर्स. अंगावरून काही जात नव्हतं, म्हणून बायकांच्या डॉक्टरकडे जायचं कुणाला सुचलंच नाही. पाळी गेल्यावर अंगावरून गेलं तर लगेच दाखवायचंच, पण ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा तसं काही होत नाही.

तर लक्षणं हीच चार: पोट फुगणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं, थोडक्यात पोट भरणं, आणि लघवीला सारखं किंवा घाईनं जावं लागणं. ही कुणाला होत नाहीत? फरक ओळखायचा तो असा. त्रास गेल्या वर्षभरातच सुरू झालाय का? महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होतोय का? गॅसचं पोट चढतं आणि उतरतं. वन्संचं उतरत नव्हतं. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर आणखी सावध राहायचं, पण तरुण मुलींनाही ओव्हरीच्या गाठी होतात.

शंका आली तर दोन-तीन आठवडे वही ठेवा. सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, उभं राहून बेंबीवरून टेप फिरवा. टेप ओढायची नाही, श्वासही रोखायचा नाही. माप लिहा, तारीख लिहा. शेजारी किती जेवलात, दुखलं का, लघवीला किती वेळा उठलात हेही लिहा. पोट भराभर वाढत असेल, दम लागत असेल किंवा उलट्या होत असतील तर वही भरायची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

डॉक्टरसमोर बसल्यावर "गॅस होतोय" असं म्हणू नका. आपणच नाव ठेवलं की समोरचाही त्याच नावाचं औषध देतो. "चार महिन्यांपासून रोज पोट फुगतंय, जेवण निम्म्यावर आलंय, पोटाची सोनोग्राफी करायची का?" असं विचारा. आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला असेल तर न विचारता सांगा.

आता तपासण्यांचं. पॅप स्मिअर ही गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी. ती नॉर्मल आली म्हणून ओव्हरी नीट आहे असं होत नाही. ओव्हरीसाठी सोनोग्राफी लागते, आणि योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ओव्हरी जास्त स्पष्ट दिसते. लाजून नाही म्हणू नका. रक्तात सीए-१२५ नावाचं प्रोटीन किती आहे ते बघतात, नॉर्मल ३५ पर्यंत. पण सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या बायकांचं ते वाढतच नाही; उलट पाळीत, फायब्रॉइडमध्ये (पिशवीच्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिसमध्ये (पिशवीच्या आतलं अस्तर बाहेर वाढणं) वाढतं. पोटाच्या टीबीमध्ये तर पाणीही होतं आणि सीए-१२५ सुद्धा चढतं. म्हणून नुसत्या आकड्यावर रडायला बसू नका आणि नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्याही सुरू करू नका. वन्संच्या पोटातलं पाणी काढून तपासलं, सीटी स्कॅन झाला, सुईनं तुकडा काढला, तेव्हा पक्कं कळलं.

काही त्रास नसताना दर वर्षी हीच तपासणी करून घ्यावी का, असं मला गिऱ्हाइकं विचारतात. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर हेच करून पाहिलं. २०२१ मध्ये निकाल आला की त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे सगळ्यांसाठी अशी तपासणी सांगत नाहीत. आपल्या हातात आहे ते लक्षणांकडे लक्ष देणं.

सोनोग्राफीत संशयास्पद गाठ दिसली तर "उद्याच काढून टाकू" म्हणणाऱ्या ठिकाणी घाई करू नका. गाठ फुटली तर पेशी पोटात पसरू शकतात. हे ऑपरेशन बायकांच्या कॅन्सरच्या सर्जनकडेच करा. पहिल्या ऑपरेशनमध्ये दिसणारा रोग किती निघाला, यावर पुढचं फार अवलंबून असतं. आम्ही परळला टाटा मेमोरियलमध्ये गेलो. खर्चासाठी आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशन कार्ड आणि आधार दाखवा.

वन्संना आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग तीन केमो झाल्या. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं, दर एकवीस दिवसांनी. केमोच्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, घरच्या गोळीवर थांबायचं नाही.

आणि कपड्यांचं कुणी सांगत नाही, ते मी सांगते. टाका बेंबीच्या वरपासून ओटीपोटापर्यंत उभा असतो. परकराची नाडी बरोबर त्याच्यावर येते. मी नेफा उसवला, मऊ रुंद इलॅस्टिक घातलं आणि कमरेवरून वर, छातीखाली घेतलं. पॅक्लिटॅक्सेलनं बोटं बधिर झाली, ब्लाउजचे हुक लागेनात. एकदा वन्सं दाराआड दहा मिनिटं हुकाशी झटत होत्या, बाहेर आल्या तेव्हा डोळे भरलेले. त्या रात्री मी त्यांच्या सगळ्या ब्लाउजांना वेलक्रो लावलं.

पिशवी काढली की कॅन्सरची भीती गेली, हा समज आमच्या भागात घट्ट बसलाय. पिशवी काढताना ओव्हरी बऱ्याचदा ठेवतात, त्यामुळे धोका पूर्ण जात नाही. आणि भीतीपोटी तरुणपणीच ओव्हरी काढल्या तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा त्रास वाढतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा माझ्या दुकानात आठवडाभर हाच विषय होता. मला अजून त्याचा राग येतो. कारण विचारल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पिशवी काढू देऊ नका.

हा कॅन्सर ठरला की बीआरसीए जीनची तपासणी मागून घ्या; या जीनमध्ये दोष असला तर स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो घराण्यात चालत येतो. वन्संमध्ये बीआरसीए-१ चा दोष निघाला, म्हणून केमोनंतर, रोग परत येऊ नये यासाठी, त्यांना दोन वर्षं ओलापॅरिबच्या गोळ्या मिळाल्या. हा दोष बापाकडूनही येतो, आणि मुलामुलीला तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे वन्संची मुलगीच नाही, त्यांचा भाऊ, माझा नवरासुद्धा. "मला कशाला, बायकांचा आजार," म्हणत हे दोन महिने टाळत राहिले. तपासलं, तर दोष निघाला. त्यांनी आता प्रोस्टेटची तपासणी करत राहायची आहे. आमची मुलगी चोवीस वर्षांची आहे. समुपदेशकानं तिला सगळं सांगितलं: बीआरसीए-१ असेल तर मुलंबाळं झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान, गर्भनळ्या आणि ओव्हरी काढायचा सल्ला देतात. ती म्हणाली, थोडे दिवस दे. मी पुन्हा विषय काढलेला नाही.

वन्संची केमो संपून तीन वर्षं होत आली. तपासणीला मुंबईला निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या दुकानात येतात, मशीनशेजारी हात वर करून उभ्या राहतात, आणि मी वहीतलं तेच पान काढते. गेल्या खेपेला छाती ३७, दंड साडेअकरा, पोट ३५.