जर्मनीत एक सेमिस्टर: ओळखी कशा कराव्यात

एक्स्चेंजवर जाणाऱ्यांची तयारी बहुतेक वेळा बॅगेपाशी थांबते. कुकर घेतला, मसाले घेतले, व्हिसा आला. तिथे आपल्याशी बोलणार कोण, हे कोणी बघत नाही. होतील की ओळखी! पुण्यात होतात. जर्मनीत त्या ठरवून कराव्या लागतात. मी फ्रायबुर्गला एक सेमिस्टर काढलं आणि पहिले तीन आठवडे हे कळण्यातच गेले. तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

निघण्याआधी

हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण तास साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून. मधल्या दिवसांत नव्या मुलांसाठी शहरात फेरफटका, एकत्र नाश्ता, गप्पांच्या संध्याकाळी असं बरंच काही असतं. विमानाचं तिकीट त्या हिशोबानेच काढा. स्वस्तात मिळतंय म्हणून तास सुरू व्हायच्या आदल्या रात्री पोहोचलात, तर तोवर घोळके जमलेले असतात.

भाषेचं म्हणाल तर तोडकंमोडकं जर्मन चालतं, पण 'दू' आणि 'झी' चुकवू नका. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या भेटीपासून 'दू' म्हणतात, समोरचा चार-पाच वर्षांनी मोठा असला तरी. प्राध्यापक, घरमालक, ऑफिसातल्या बाई यांना 'झी', आणि सोबत आडनाव. तू आणि तुम्ही आपल्या घरातच असल्यामुळे हे आपल्याला चटकन जमायला हवं. गडबड होते ती इंग्रजीच्या सवयीने.

पहिल्या आठवड्यात

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी 'टर्मीन', म्हणजे ठरलेली वेळ लागते आणि घरमालकाचं पत्रही. फॉर्म जर्मनमध्ये असतो. तो घेऊन सरळ शेजारच्या खोलीचं दार वाजवा. नुसतं "हाय, मी नवीन" म्हटलं की दोन वाक्यांत बोलणं संपतं. फॉर्म समोर ठेवला की पंधरा मिनिटं तरी गप्पा होतात.

स्वयंपाकघर सांभाळा

हॉस्टेलच्या मजल्यावरची खरी ओसरी म्हणजे सामायिक स्वयंपाकघर. मैत्री तिथेच होते, आणि भांडणंही. फ्रिजवर 'पुट्सप्लान' लावलेला असतो, म्हणजे कोणत्या आठवड्यात कोणी साफसफाई करायची त्याचा तक्ता. आपली पाळी चुकवू नका. तोंडावर कोणी काही बोलणार नाही, चिठ्ठी मात्र लागेल. कचरा वेगवेगळा टाकायचा: कागद, ओला कचरा, प्लास्टिकची वेष्टनं आणि उरलेलं सगळं. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅनवर बहुधा २५ सेंट 'फांड' म्हणजे अनामत असते. सुपरमार्केटातल्या यंत्रात घातल्या की पैसे परत मिळतात, तेव्हा दुसऱ्याच्या रिकाम्या बाटल्या परस्पर टाकून देऊ नका.

आता फोडणी. एका रात्री साडेनऊला मी तेल तापवलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, धूर झाला. घरच्या सवयीने मी दार सताड उघडलं. धूर गेला थेट कॉरिडॉरमध्ये, आणि छतावरचं धूर ओळखणारं यंत्र तिथेच होतं. पुढे सगळा मजला पायजम्यात जिन्यावर. म्हणून सांगते, आधी खिडकी उघडा, दार लावून घ्या, आणि तेल धुरावेपर्यंत तापवू नका. दुसऱ्या दिवशी मी माफीदाखल कढईभर पोहे करून टेबलावर ठेवले. "हे ओट्स का?" असं एकाने विचारलं आणि दोनदा घेतले. नावं खऱ्या अर्थाने मला त्या दिवशी पाठ झाली.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, आणि रविवारी दिवसभर. त्या दिवशी ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकणंही नाही. दुकानंही रविवारी बंद, त्यामुळे दूध-ब्रेड शनिवारीच आणा. रविवार फिरायचा. आम्ही श्लॉसबेर्गच्या टेकडीवर जायचो. फ्रायबुर्गच्या जुन्या गावात रस्त्याच्या कडेने 'बेख्ले' नावाचे पाण्याचे पाट वाहतात. त्यात चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं म्हणे. माझा दोनदा पडला. मोजे ओले झाले, एवढंच.

वर्ग, मेन्झा आणि वार

वेळापत्रकात '१० सी.टी.' लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. 'एस.टी.' असेल तर बरोबर दहाला. तास संपला की टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांची पेरं ठोकतात. तेवढ्यात शेजारच्याला विचारून टाका: "कोम्स्ट दू मिट इन दी मेन्झा?" कॅन्टीनला येतोस का? याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

"भेटू कधीतरी" याला मात्र तिथे काहीच किंमत नाही. "गुरुवारी साडेसहा" म्हणा, लगेच डायरी उघडते. त्याहून चांगलं म्हणजे आठवड्याचा एक वार बांधून घ्या: विद्यापीठाच्या क्रीडा विभागातला एखादा वर्ग, गायनवृंद, भाषेची देवाणघेवाण. मी बॅडमिंटन घेतलं. पहिले तीन मंगळवार नुसतंच "हालो". चौथ्या मंगळवारी मी गेले नाही, तर पाचव्याला दोघींनी विचारलं, कुठे होतीस?

घरी बोलावलं तर

वेळेवर जा, इथे सी.टी. चालत नाही. "काय आणू?" असं आधीच विचारा, कारण बरेचदा प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असतो. दारात बूट काढायचे का, तेही विचारा. अनेक घरांत काढतात. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ग्लासात सफरचंदाचा रस आणि सोडा असला तरी. शाकाहारी असाल तर मोकळेपणाने सांगा, आता तिथे त्याचं कोणाला नवल वाटत नाही. हॉटेलात "एकत्र की वेगळं?" असं विचारलं की "गेट्रेंट" म्हणा आणि आपापले पैसे द्या. बिलावर झडप घालणारे काका पुण्यात शोभतात. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी कधीच देऊ नका, ते अशुभ मानतात.

फ्रँकफर्ट, म्युनिकसारख्या शहरांत मराठी मंडळं आहेत. गणपतीत तिथे असलात तर जरूर जा, उकडीच्या मोदकाने जीव थाऱ्यावर येतो. दर शनिवारी मात्र तिकडे नको. सहा महिन्यांत मोजून पंचवीस-सव्वीस शनिवार मिळतात.

निघताना

पत्त्याची नोंद रद्द करा, खोलीची अनामत परत कधी मिळणार ते लिहून घ्या. शेवटच्या रविवारी मजल्यावरच्या सगळ्यांना नाश्त्याला बोलवा, तारीख दोन आठवडे आधी फ्रिजवर लावून. कढई पुढच्या मुलीसाठी ठेवून या, आणि तिला कॉरिडॉरच्या दाराचं तेवढं सांगा.