चराईवरची कोकरं विकायचीत? मग आधी गवत मोजा

या धंद्यात नवीन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, जात कोणती घेऊ? माझं म्हणणं, जात नंतर बघू, आधी रान किती आहे आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात त्यात गवत किती उरतं ते सांगा. हिरवळ असते तेव्हा कितीही मेंढ्या मावतात हो, कळपाचा आकार ठरवायचा तो कोरड्या दिवसांवरून, नाहीतर चारा विकत आणत बसायचं आणि नफा तिथेच संपतो.

रानाचे तुकडे पाडा, हलवता येणारं विजेच्या जाळीचं कुंपण घ्या (यात काटकसर नको प्लीज) आणि तीन-चार दिवसांनी कळप पुढच्या तुकड्यात सरकवा. लोकांना वाटतं हे फक्त गवत परत वाढावं म्हणून, ते आहेच, पण तितकंच मोठं कारण म्हणजे जंत. लेंड्यांतून अंडी पडतात, उबदार ओल्या हवेत आठवड्याभरात त्यांच्या अळ्या तयार होतात आणि त्या बहुतेक गवताच्या खालच्या दोन इंचात असतात, म्हणून गवत चार बोटं उरलं की कळप उठवायचा, बुडख्यापर्यंत चरू द्यायचंच नाही.

रक्त पिणारा जंत सगळ्यात वाईट, धडधाकट दिसणारं कोकरू बघता बघता जातं. खालची पापणी ओढून आतला रंग बघायला शिका. लालभडक म्हणजे ठीक, फिकट किंवा पांढरट म्हणजे औषध हवं. यासाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला पाच रंगांचा फमाचा तक्ता असतो, व्हेटकडून नीट समजून घ्या. आणि सरसकट सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजणं बंद, त्याने जंतच औषधाला दाद देईनासे होतात.

मेंढीचा गाभणकाळ साधारण १४७ दिवस, म्हणजे जवळपास पाच महिने. मग हिशोब उलटा मांडायचा, गवत जोरात कधी येतं ते बघून पाच महिने आधी मेंढा कळपात सोडायचा, कारण व्याल्यानंतरचे दोन महिने मेंढीला सगळ्यात जास्त खायला लागतं. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन कोकरू अचानक दगावतं तो रोग) लस विण्याच्या महिनाभर आधी मेंढीला दिली की चिकातून कोकराला संरक्षण मिळतं, पण तो चीक जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच पोटात गेला पाहिजे, दिवस उलटला की आतडं ते शोषत नाही. अजून एक, गाईंसाठीचं मिनरल मिक्स्चर मेंढ्यांना अजिबात नको, त्यातलं तांबं यकृतात साठत जातं आणि विषबाधा होते.

आता विक्री. नुसत्या गवतावरचं कोकरू धान्य खाणाऱ्यापेक्षा सावकाश वाढतं, ४० किलोला पोचायला सहा-आठ महिने सहज लागतात, आणि त्या ४० किलोतून हाडासकट मटण निघतं १८ ते २० किलोच. भाव यावरून काढा, जिवंत वजनावरून नाही, आणि त्यात कापणी, पॅकिंग, कोल्ड स्टोरेज, मेलेली कोकरं सगळं धरा. मटण विकायचे तुमच्याकडचे नियम काय आहेत आणि कापून कोण देणार हे मेंढ्या घ्यायच्या आधीच बघून ठेवा, ऐनवेळी तारीख मिळत नाही. औषध दिलं असेल तर त्याचा थांबायचा काळ (औषध मांसातून उतरेपर्यंतचे दिवस) संपल्याशिवाय कोकरू कापायला पाठवायचं नाही, त्यासाठी वही ठेवाच.

सुटे तुकडे विकायला गेलात की सगळ्यांना चाप आणि मागची मांडी हवी असते, मान आणि खांदा फ्रीजरमध्ये पडून राहतो. त्यापेक्षा अर्धं किंवा अख्खं कोकरू आगाऊ पैसे घेऊन बुक करून घेणं मला परवडतं. फक्त नेमकं वजन कबूल करू नका, एकाच कळपातली कोकरंही सारखी भरत नाहीत. मागे राहिलेली हलकी कोकरं गवत असेल तर अजून महिनाभर ठेवा, नसेल तर सरळ जिवंत विकून टाका, त्यांच्यासाठी खुराक आणू नका.