एआय समिती गळ्यात पडली असेल तर

व्यावसायिकांच्या कुठल्याही संघटनेत एआय आणि नवोपक्रम समिती ही सगळ्यात नवी समिती, म्हणून ती सगळ्यात तरुण सभासदाच्या गळ्यात मारतात. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग घे की तू," एवढीच निवडप्रक्रिया. पुण्यातल्या करसल्लागारांच्या एका संघटनेत मी हे काम बघते आणि अजूनही ते जमलंय असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय. प्रॉम्प्ट म्हणजे काय वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

रिटर्न आणि टॅक्स ऑडिटच्या हंगामात सभासद तुमचे नसतात, हे आधीच मान्य करा. पदाधिकारी दरवर्षी बदलतात. म्हणजे हातात खरे चार-पाच महिने. ते व्याख्यानांत घालवू नका. सॉफ्टवेअर कंपनी हॉलचं भाडं आणि बटाटेवड्याचा खर्च उचलते, डेमोला टाळ्या पडतात, सेल्फी निघतात आणि सोमवारी लक्ष्मी रोडवरच्या ऑफिसात कुणी ते उघडतसुद्धा नाही. गर्दी झाली म्हणजे काम झालं, असं अहवालात लिहायला फार सोपं असतं.

आता मुख्य गोष्ट. समितीवर आलेल्या प्रत्येकाला एक स्वप्न पडतंच: संस्थेचा स्वतःचा चॅटबॉट. वर्षानुवर्षांची टिपणं आणि परिपत्रकं कपाटात आहेत, ती स्कॅन करून त्यात घालायची, सभासदाने मराठीत विचारलं की उत्तर हजर. आम्हीही तो केला. उत्तरं अगदी अस्खलित यायची. मग मार्केट यार्डातल्या आडत्यांची कामं करणाऱ्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, धंद्याच्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात रोख किती दिले तर चालतं? उत्तर आलं, २०,००० रुपये. ही मर्यादा आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून १०,००० आहे. गंमत म्हणजे बॉटने मनाचं काही रचलं नव्हतं. जुन्या टिपणात २०,०००च लिहिलं होतं, आणि ते लिहिलं तेव्हा बरोबरच होतं.

हे नीट समजून घ्या, कारण विकणारा हे सांगत नाही. असा बॉट कागदांचे तुकडे करून ठेवतो. प्रश्न आला की अर्थाने त्याच्या जवळचे तुकडे शोधून मॉडेलपुढे ठेवतो आणि मॉडेल त्यावरून उत्तर लिहितं. आता, अर्थाने जवळ असणं आणि आज लागू असणं यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. उलट रद्द झालेलं परिपत्रक आणि त्याच्या जागी आलेलं परिपत्रक यांची भाषा जवळपास सारखी असते, त्यामुळे दोन्ही सापडतात आणि कुठलं वर येईल याचा भरवसा नाही. मॉडेल महागडं घेतलं म्हणून हे सुटत नाही. हा कागद कधीचा, कुठल्या वर्षापर्यंत लागू, नंतर कशाने बदलला, हे कुणीतरी माणसाने बसून प्रत्येक कागदावर नोंदवावंच लागतं.

मग जुनं सरळ काढूनच टाकू? नाही चालत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू. ८१९ कलमांच्या जागी ५३६, आणि करसवलतीचं सगळ्यांच्या तोंडात बसलेलं कलम ८०सी आता कलम १२३. पण आधीच्या वर्षांची असेसमेंट आणि अपिलं जुन्या, १९६१च्याच कायद्याने चालणार, तीही पुढे बरीच वर्षं. म्हणजे दोन्ही ठेवायचे आणि बॉटने उत्तराआधी विचारायचं, "कोणत्या वर्षाबद्दल?" हा एक प्रश्न त्याच्याकडून विचारून घेईपर्यंत आमच्या नाकी नऊ आले. आणि हे काम एकदा करून संपत नाही, दर अर्थसंकल्पानंतर पुन्हा आहेच. पुढच्या वर्षी ते कोण करणार त्याचं नाव ठरलेलं नसेल, तर बॉट सुरूच करू नका. अजिबात नको.

घाबरवायचा हेतू नाही. एकाच विषयापुरता, पन्नास-साठ तपासलेल्या कागदांवर चालणारा बॉटसुद्धा लोक खरंच वापरतात. कोडिंग येत नसेल तरी अडत नाही. कागद ओळखणारा माणूस मात्र लागतो, आणि तो व्यासपीठावर नसतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मुख्य भाषणं देणाऱ्या गुरूंपासून चार हात लांबच राहा. त्यातल्या कित्येकांनी गेल्या कित्येक वर्षांत स्वतः रिटर्न भरलेलं नसतं. संस्थेच्या ऑफिसात तीस वर्षं फायली लावणाऱ्या मावशींना विचारा. कुठलं परिपत्रक कुठल्या गठ्ठ्यात आणि त्यावर कुणी फुली मारली, हे त्यांना पाठ असतं. 'शंभर जादुई प्रॉम्प्ट' छापाच्या पीडीएफ कुणी ग्रुपवर टाकल्या तर खुशाल डिलीट करा.

अशिलांच्या माहितीबद्दल थोडक्यात. ऑफिसातली पोरं मोबाइलवरच्या फुकट खात्यात बँक स्टेटमेंट चिकटवतात, बंदी घातली की लपून चिकटवतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, पण या आकड्याने कुणी घाबरत नाही. त्यापेक्षा एक पानभर नियम मराठीत लिहा: पॅन, नाव, खाते क्रमांक काढल्याशिवाय काही टाकायचं नाही, आणि निवाड्याचा मूळ मजकूर वाचल्याशिवाय तो कुठेही उद्धृत करायचा नाही. दुसरा मुद्दा पटत नसेल त्यांना बेंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाचा डिसेंबर २०२४मधला आदेश सांगा. त्यात अस्तित्वातच नसलेले निवाडे आले होते, आदेश मागे घ्यावा लागला.

आणि हो, सगळी खाती संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या नंबरवर उघडा. तुमच्या मोबाइलवर उघडलीत तर मुदत संपल्यावरही ओटीपीसाठी फोन तुम्हालाच येतील, तेही टॅक्स ऑडिटच्या शेवटच्या आठवड्यात.