सरकारी दवाखान्यात दाढ भरून घेताना या चुका टाळा

"मावशी, ही दाढ कधी भरली होती?"
"दिवाळीच्या आधी. मग दुखायची थांबली, म्हणून परत आले नाही."

आरसा घालून पाहिलं तर दाढेत कच्चं सिमेंट, तेही निम्मं झिजलेलं. थोडं खरवडलं की लवंगेचा वास आला. खाली कीड पार दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली होती. वेळेत परत आल्या असत्या तर पक्क्या सिमेंटवर भागलं असतं, आता रूट कॅनाल करा नाहीतर दाढ काढा, एवढंच उरलं होतं. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. रूट कॅनालच्या तीन-चार खेपा म्हणजे तेवढे खाडे. त्यांनी दाढ काढून घेतली.

अशा दाढा मी इतक्या पाहिल्या आहेत की सर्वांत आधी हेच सांगावंसं वाटतं: दुखायचं थांबलं म्हणजे दाढ भरून झाली असं नाही. झिंक ऑक्साइड आणि लवंगतेलातल्या युजेनॉलचं ते सिमेंट नस शांत करतं, म्हणून खोल खड्ड्यात आधी तेच भरतात. पण चावण्याच्या जोरापुढे ते टिकत नाही. त्याचं आयुष्य काही आठवड्यांचं. खुर्चीतून उठण्याआधी विचारा, "डॉक्टर, हे कच्चं की पक्कं?" कच्चं असेल तर पुढची तारीख घेतल्याशिवाय निघू नका.

दुसरी गफलत कार्डाची. आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं ५ लाखांचं संरक्षण आहे, म्हणून लोक दात भरायलाही ते कार्ड घेऊन येतात आणि हिरमुसून परत जातात. या योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल करून करायच्या उपचारांसाठी आहेत. दाढ भरणं हे ओपीडीचं काम, ते त्यात बसत नाही. मात्र पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल (त्यासाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे), तर ओपीडीचे उपचारही मिळतात, घरच्यांनासुद्धा. आपल्या भागातल्या कोणत्या ईएसआय रुग्णालयात दातांचा विभाग आहे तेवढं आधी विचारून जा. बाकीच्यांसाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे विद्यार्थी हात लावतात म्हणून घाबरू नका, त्यांचं काम वरचे डॉक्टर तपासतात. वेळ जास्त लागतो हे खरं, तेव्हा अर्धा दिवस हाताशी ठेवून जा.

आता मसाल्याचं, म्हणजे दाढेत काय भरायचं त्याचं. "साधं नको, ते लाईटवालं भरा, हवं तर पैसे देते," असं म्हणत उसनवारी करून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. लाईटवालं म्हणजे कॉम्पोझिट, दिव्याच्या उजेडाने घट्ट करतात ते. दिसायला दातासारखं, मजबूतही. पण भरताना दात अगदी कोरडा लागतो. कीड हिरडीखाली गेली असेल, रक्त किंवा लाळ थांबत नसेल, तर ते नीट चिकटतच नाही आणि कडेने पुन्हा कीड शिरते. तिथे काचेच्या पुडीचं सिमेंट, म्हणजे जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट), बरं. पूड आणि द्रव कालवून भरतात, ते दाताला स्वतःहून चिकटतं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. 'साधं' म्हणून त्याला हिणवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे. त्याची उणीवही सांगतो: दोन दाढांच्या मधला मोठा खड्डा असेल तर ते झिजतं, तुटतं. तिथे कॉम्पोझिटसाठी थांबणं योग्य. पण खड्डा लहान असेल आणि पुन्हा रजा मिळणार नसेल, तर महिन्याभराने मिळणाऱ्या कॉम्पोझिटपेक्षा आज पुरं होणारं जीआयसी मी केव्हाही भरीन.

जुनी चांदी, म्हणजे पारा मिसळलेला धातूचा मसाला (अमाल्गम), भरलेली असेल आणि ती शाबूत असेल, तर पाऱ्याच्या भीतीने उकरायला लावू नका. तिच्यात निम्मा पारा असतो हे खरं. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी देशांनी केलेल्या मिनामाता करारानुसार २०३४ पर्यंत जगभर ती बंद व्हायची आहे, आणि लहान मुलांना, गरोदर बायकांना ती नव्याने भरत नाहीत. पण उकरताना पाऱ्याची वाफ जास्त सुटते, शिवाय चांगला दातही खरवडला जातो.

भरून घरी आल्यावर जीआयसी आणि चांदीवर २४ तास चावू नका. लाईटवालं लगेच घट्ट होतं, तरी बधिरपणा जाईपर्यंत खाऊ नका, गाल चावला जातो. बधिरपणा उतरल्यावर दात मिटताना तीच दाढ आधी लागत असेल तर मसाला उंच राहिला आहे. सवय होईल म्हणून सोसू नका, परत जा. निळा कागद चावायला देऊन पाच मिनिटांत घासून देतात. थंड पाण्याने चारदोन दिवस ठणकलं तर चालेल. रात्री आपोआप ठणका लागत असेल तर नस दुखावली आहे, लगेच दाखवा. दुखणाऱ्या जागी गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. आणि मिश्री सोडा. तंबाखूचं नुकसान आहेच, शिवाय तिच्या घासण्याने हिरडीजवळचे दात झिजून खाचा पडतात, तिथे भरलेलं सिमेंटही झिजतं.

मुलांच्या दुधाच्या दाढा "पडणारच आहेत" म्हणून सोडू नका. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, आणि लवकर काढल्या तर खालून येणारे दात वाकडे येतात.

केसपेपर जपा. त्यावर '३६, जीआयसी' असं काही लिहिलेलं असतं: ३६ म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ, पुढे मसाल्याचं नाव. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी खुर्चीपाशी वेगळाच डॉक्टर असतो. मसाल्याचं नाव किंवा तारीख लिहिलेली नसेल तर लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. मावशींनी दिवाळीआधीचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत घडी करून नीट ठेवला होता. 'पुढील तारीख' असं छापलेलं होतं, समोरची जागा कोरी होती.