एडिटर सजवत बसण्याची सवय कशी मोडावी

दुपारी ३ वाजता एडिटर, म्हणजे मजकूर किंवा कोड लिहिण्याचं सॉफ्टवेअर, उघडून रिपोर्ट लिहायला बसायचं. अक्षरं बारीक वाटतात म्हणून फॉन्ट बदलायचा, मग त्याला शोभेल अशी थीम शोधायची, मग थीममुळे एखादं प्लगइन (एडिटरला वरून जोडलेली सोय) रुसलं की त्याच्यामागे तासभर. ६ वाजून जातात, ठाण्याची लोकल पकडायला ऐरोली स्टेशन गाठायचं असतं आणि रिपोर्टचं पान कोरंच. ऐरोलीचं माइंडस्पेस असो, महापे असो की ठाण्याची वागळे इस्टेट, ऑफिसांत हे सगळीकडे चालतं.

याला आळस म्हणणं अन्याय आहे. सेटिंग बदलली की फळ लगेच डोळ्यांसमोर दिसतं, आणि थीम चुकली म्हणून कुणी जाब विचारत नाही. खरं काम चुकू शकतं, त्यावर शेरे येतात. मन सोप्या वाटेला लागतं ते यामुळे. नुसता निश्चय करून भागत नाही. दिवसाचा क्रमच बदलावा लागतो.

१. लॅपटॉप उघडण्याआधी एक वाक्य लिहा

ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाण्याहून वाशीला जायला साधारण अर्धा तास लागतो. एवढा वेळ पुष्कळ झाला. आज नेमकं काय पूर्ण करायचं ते एका वाक्यात लिहा. ‘प्रोजेक्टवर काम’ हे चालणार नाही. ‘चुकीचा पासवर्ड टाकल्यावर येणारा मेसेज दुरुस्त करणे’ हे चालेल. नौपाड्यात सीएच्या ऑफिसात असाल तर ‘जूनची खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या तक्त्याशी) जुळवणे’.

२. खटकलेलं लिहून ठेवा, तिथल्या तिथे दुरुस्त करू नका

टेबलावर एक साधी वही ठेवा. वहीच, कारण त्यासाठी अ‍ॅप निवडायला बसलात तर तिथेच संध्याकाळ होईल. काम करताना काही अडलं की एक ओळ लिहायची आणि पुढे जायचं. तीच गोष्ट पुन्हा अडली की त्या ओळीपुढे एक रेघ. ३ रेघा झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. बऱ्याच ओळींपुढे दुसरी रेघसुद्धा पडत नाही, हे काही आठवड्यांत तुम्हालाच दिसेल.

३. हिशेब मांडा

समजा, एका शॉर्टकटमुळे दर वेळी ५ सेकंद वाचतात आणि तो दिवसाला १० वेळा लागतो. वर्षाचे कामाचे दिवस २५० धरले तर १२,५०० सेकंद, म्हणजे जेमतेम साडेतीन तास. हा शॉर्टकट वर्षभर टिकणार असेल, तर त्यावर साडेतीन तासांपेक्षा जास्त वेळ घालवणं तोट्याचं. याच हिशेबात थीमचा रंग शून्यावर येतो. एक्सेलमध्ये दर महिन्याला २० मिनिटं खाणारी कॉपी-पेस्ट मात्र वर्षाला ४ तास घेते. तिच्यासाठी मॅक्रो (तेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) लिहायला तासभर दिला तर तो सत्कारणी लागला.

दोन गोष्टी या हिशेबात धरू नका. मनगट दुखत असेल किंवा डोळ्यांवर ताण येत असेल, तर कीबोर्डची उंची आणि अक्षरांचा आकार आजच बदला. आणि मराठीत नियमित लिहीत असाल तर इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिकून घ्या. विंडोजमध्ये तो असतोच, आणि एकदा हात बसला की कुठल्याही संगणकावर तेच बोट तेच अक्षर उमटवतं.

४. सेटिंगला वार आणि वेळ ठरवून द्या

शुक्रवारची शेवटची ४५ मिनिटं बरी. अलार्म लावा. आधी सेटिंगच्या फायली गिटमध्ये (फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट करा, म्हणजे त्यांची नोंद करून ठेवा, मग एका वेळी एकच बदल करा. अलार्म वाजला आणि काही बिघडलेलं असेल, तर ते निस्तरत बसू नका. कमिट केलेल्या जागी परत या.

५. कामासाठी साधा सेटअप वेगळा ठेवा

व्हीएस कोड या एडिटरमध्ये वेगळी प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा स्वतंत्र संच, बनवता येते. ‘काम’ नावाची एक बनवा आणि तिच्यात रोज लागणारी मोजकी एक्स्टेन्शन्सच (तिथली प्लगइन्स) ठेवा. विम हा एडिटर वापरणाऱ्यांनी आठवड्यातला एक दिवस प्लगइनशिवाय काढावा. सपोर्टच्या कामात क्लायंटच्या सर्व्हरवर शिरावं लागतं, तिथे तुमचं काहीच नसतं, आणि रात्री २ वाजता सिस्टिम बंद पडलेली असताना साधा व्हीआय (विमचा जुना पूर्वज) येणाराच उपयोगी पडतो.

चांगलं हत्यार घडवायला वेळ द्यावाच लागतो, असं कुणी म्हणेल. खरं आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांना १९७७ मध्ये आपल्या पुस्तकाच्या एका खंडाची प्रुफं पाहून छपाई पसंत पडली नाही, म्हणून त्यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. थोड्या काळात संपेल वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं. पण त्यांच्यासमोर न आवडलेलं एक ठरावीक पान होतं, आणि त्या खंडाची नवी आवृत्ती १९८१ मध्ये टेकवरच जुळवून निघाली. तुमच्या वहीतल्या ओळीमागे असं पान असेल तर खुशाल महिना घ्या.

६. टीम असेल तर वाद एकदाच मिटवा

कोडमध्ये टॅब की स्पेस, ओळ किती लांब, यावर प्रत्येक नव्या माणसाबरोबर पुन्हा चर्चा होते. फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन, बसवा. पायथॉनसाठी ब्लॅक नावाचा फॉरमॅटर चांगला, कारण त्यात मुद्दामच फार कमी पर्याय ठेवलेत. एडिटरकॉन्फिगची फाइल (मांडणीचे नियम एडिटरला सांगणारी) रिपॉझिटरीत, म्हणजे टीमच्या कोडच्या सामायिक साठ्यात, टाका, म्हणजे नवीन माणसाला पहिल्या दिवशी सगळं तयार मिळेल. त्या फायलीत बदल सुचवायचा असेल तर सुचवणाऱ्याने वहीतल्या ३ रेघा दाखवाव्यात.