एलएलबीच्या पहिल्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी

लातूर असो, नांदेड असो की संभाजीनगर, परीक्षा तोंडावर आली की विधी महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एकच विचारणा: "आयएमपी काय आहे?" आयएमपीवर, म्हणजे निवडक महत्त्वाच्या प्रश्नांवर, माणूस पास होतो, हे खोटं नाही. मीही त्या रांगेत उभा राहिलोय. पण बीएला चालून गेलेली पानं भरायची सवय इथे मार खाते, आणि ती नेमकी उदाहरण देऊन विचारलेल्या प्रश्नात.

समजा प्रश्न असा आला: धुऱ्यावरून भावकीतल्या दोघांची बाचाबाची झाली. एकाने दुसऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, तो चार दिवसांनी दवाखान्यात दगावला. खून की सदोष मनुष्यवध? बरेच जण दोन्ही व्याख्या घोकल्याप्रमाणे उतरवतात आणि "म्हणून आरोपी दोषी आहे" म्हणून मोकळे होतात. गुण मधल्या भागाला असतात, तोच गायब. भारतीय न्याय संहितेची कलमं १०० आणि १०१ थोडक्यात सांगा आणि लगेच घटनेला हात घाला. पात्याचा घाव की दांड्याचा? एक की अनेक? कुऱ्हाड हातातच होती की घरी जाऊन आणली? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जड. घरी जाऊन आणली असेल, तर कलम १०१ च्या चौथ्या अपवादातलं 'अचानक झालेलं भांडण' टिकवणं अवघड जातं. जी दुखापत करायची होती ती मृत्यू यायला पुरेशी होती का, हे तपासताना विरसा सिंग (१९५८) हा निवाडा आणा. खून ठरला तर शिक्षा कलम १०३ खाली, नाही तर १०५ खाली. दोन्ही बाजू मांडून एक धरा. निष्कर्ष कुठलाही काढा, त्यामागची कारणं कागदावर दिसली पाहिजेत. आता वकिलीत रोज हेच करतो: अशील तासभर बोलतो, त्यातलं कलमाला लागणारं तेवढं उचलायचं.

सिनिअरच्या वह्या जपून वापरा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. वहीतलं ३०२ आता १०३ आहे, ४२० आता ३१८(४). मात्र प्रश्नात घटनेची तारीख त्याआधीची दिली असेल, तर गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते. तारीख उगाच दिलेली नसते.

बेअर अ‍ॅक्ट (नुसता कायद्याचा मूळ मजकूर असलेलं पुस्तक) विकत घ्याच. त्यात कलमाखाली छापलेली उदाहरणं मुलं सोडून देतात. मला तर संविदा अधिनियम, १८७२ समजला तो त्या उदाहरणांमुळेच. निवाडे थोडेच करा, पण प्रत्येकाची घटना आणि निर्णय दोन ओळींत सांगता आला पाहिजे. मोहरी बीबी (१९०३) म्हणजे अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य, एवढं पक्कं हवं. नाव आठवलं नाही तर तत्त्व लिहा, मनाने नाव ठोकू नका.

जमीनविषयक कायद्यांच्या पेपरला एक खाचखळगा आहे. बाजारातल्या पुस्तकांत १९४८ चा मुंबईचा कुळकायदा भरपूर सापडतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून आपल्या शिवाराला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागतो. अभ्यासक्रमाची प्रत काढून कोणता नेमलाय ते आधी बघा, मगच पुस्तक घ्या.

नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांचा लिहिण्याचा हात सुटलेला असतो. मोबाईलवर पीडीएफ वाचून तो परत येत नाही. जुना पेपर घ्या, घड्याळ लावा, उत्तरं पूर्ण लिहा. परीक्षेत गुणांच्या हिशोबाने वेळ वाटून घ्या. आवडीच्या प्रश्नावर पुरवण्या जोडत बसलात की शेवटचा प्रश्न राहतोच. तसं झालंच तर त्याला नुसते मुद्दे टाका: कलम, निवाडा, निष्कर्ष.