घरच्या जुन्या रीती लिहून काढायच्यात? मग १७३६ चा बंदीहुकूम हातात घ्या

गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० ला आलं आणि १८१२ ला कायमचं गेलं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या १७३६ च्या जाहीरनाम्यात नक्की काय काय बंद केलं होतं ते फार कमी जणांनी वाचलंय. रोख मुख्यतः ख्रिस्ती झालेल्या गोंयकारांवर होता, त्यांच्या घरात जुन्या रीती चालूच होत्या ना. हळद लावायची नाही, लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, विडे द्यायचे नाहीत, तुळस लावायची नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, आणि भात बिनमिठाचा शिजवायचा नाही!! चुलीवरच्या भातापर्यंत कायदा पोचला होता.

आता करायचं काय, तर ह्याच यादीचे प्रश्न बनवा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, तिथे इन्क्विझिशनवरची पुस्तकं मागा आणि यादी वहीत उतरवून घ्या.

मग आजीकडे बसा, मोबाईलचं रेकॉर्डिंग तिला विचारूनच चालू करा. "पोर्तुगीजांनी काय बंद केलं" असलं काही विचारू नका, ती म्हणणार मला काय ठाऊक बाबा. त्यापेक्षा नैवेद्याच्या भातात मीठ का घालत नाहीस, हळद कुटताना पहिली ओवी कुठल्या देवाची, विडा आधी कोणाला, असं विचारा, आणि मध्ये बोलू नका, ती गायला लागली तर गाऊ द्या. ओवी लिहिताना तिचा उच्चार आहे तसाच ठेवा, शाळेतलं शुद्धलेखन तिथे नको.

देवाचं मूळ ठाणंही विचारा. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची, देवळं पाडायला लागल्यावर लोकांनी देव नदीपलीकडे फोंड्याकडे नेले, तेव्हा तिथे पोर्तुगीज राज्य नव्हतं. तुमचं कुलदैवत त्यातलं असेल तर मूळ गावी एकदा जाऊन याच.

आणि शेजारच्या ख्रिस्ती घरात विचारल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाचा रस लावतात तो रोस, तेव्हा म्हणतात ती गाणी, हे सगळं तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐका. "हे मूळचं आमचंच" असं मात्र म्हणू नका, त्यांनी एवढ्या धाकात ते टिकवलंय, मान त्यांचा.

प्रत्येक रेकॉर्डिंगला गाव, वाडा, तारीख लिहा, आणि एक कॉपी घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवा.